स्मारक नोटांबद्दल एका संग्राहकाचे मत

मी गेली अनेक वर्षे देशोदेशीच्या नोटा जमवतो. त्यामुळे कुठे स्मारक नोट, म्हणजे एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेली नोट, निघाली की ओळखीचे लोक ती बातमी मला हमखास पाठवतात, आणि मी खूश झालो असेन असे गृहीत धरतात. संग्राहक म्हणून मी खूश होतोही. परंतु एखाद्या देशाने स्मारक नोटा काढाव्यात का, असे सरळ विचारले तर माझे उत्तर ‘शक्यतो नकोत’ असे आहे, आणि ते तसे का, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

हातात आलेल्या नोटेकडे आपण फारसे पाहत नाही. रंग, आकार आणि बोटांना जाणवणारा कागद एवढ्यावर ती खरी असल्याची खात्री पटते आणि ती खिशात जाते. ही खात्री पटते, कारण काल हातात आलेली नोटही अशीच होती. स्मारक नोट याच सवयीच्या आड येते, कारण वेगळे दिसणे हाच तिचा हेतू असतो. मग ज्याला ती आवडते तो ती खर्च करत नाही, आणि ज्याला ती ओळखू येत नाही तो ती घेत नाही. पाकिस्तानने 2022 मध्ये स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त 75 रुपयांची नोट काढली, तेव्हा ती वैध चलन आहे आणि व्यवहारात स्वीकारली गेली पाहिजे, असा खुलासा तिथल्या स्टेट बँकेला करावा लागला. आपली नोट खरोखरच पैसा आहे, हे मध्यवर्ती बँकेला समजावून सांगावे लागणे मला फार बोलके वाटते.

जपानचे उदाहरण तर याहून मोठे आहे. ओकिनावा येथील शिखर परिषद आणि सन 2000 यांचे निमित्त साधून जुलै 2000 मध्ये जपानने 2000 येनची नोट आणली. तिच्या दर्शनी बाजूवर शुरी किल्ल्याचे शुरेइमोन हे प्रवेशद्वार आहे आणि मागे ‘गेंजी’ या जुन्या जपानी कथेच्या चित्रगुंडाळीतील एक प्रसंग आहे. माझ्या मते गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या देखण्या नोटांपैकी ती एक आहे. पण बहुतेक विक्रीयंत्रांना ती घेता येत नव्हती, आणि 1000, 5000 व 10,000 येनच्या नोटांवर ज्यांचे हात बसले होते त्यांना मधली ही नोट अडचणीचीच वाटली. ओकिनावाबाहेर ती क्वचितच हाती पडते. 2024 मध्ये जपानने नवी नोटमालिका आणली तेव्हा 2000 येनचा तिच्यात समावेशच नव्हता.

अमेरिकेत अडचण उलट होती. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त 13 एप्रिल 1976 रोजी, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या जन्मदिनी, 2 डॉलरची नोट पुन्हा आणली गेली. एक डॉलरच्या नोटांची छपाई कमी करावी लागेल, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. प्रत्यक्षात लोकांनी पहिल्याच दिवशी टपाल कार्यालयांत जाऊन त्या नोटांवर तिकिटे चिकटवली, त्यांवर तारखेचा शिक्का मारून घेतला आणि नोटा कपाटात ठेवून दिल्या. ती नोट आजही वैध आहे, तरीही ती दुर्मीळ आहे अशी समजूत काही जात नाही, आणि त्या समजुतीमुळेच लोक ती खर्च करत नाहीत.

इथे स्मारक नोटांच्या बाजूने मांडला जाणारा एक मुद्दा विचारात घ्यायला हवा. लोकांनी नोट जपून ठेवली तर सरकारचा फायदाच आहे, असे सांगितले जाते: नोट छापण्याचा खर्च तिच्या दर्शनी मूल्याच्या मानाने किरकोळ असतो आणि न परतलेली नोट म्हणजे जनतेने दिलेले बिनव्याजी कर्ज. हिशेब म्हणून हे बरोबर आहे. पण ते कर्ज फिटलेले नसते, नोट वैध असेपर्यंत मध्यवर्ती बँकेच्या ताळेबंदात ती देणे म्हणून उभी असते. शिवाय आपला पैसा लोकांनी वापरू नये अशी आशा धरून पैसा छापणे मला मुळातच विचित्र वाटते. दर्शनी मूल्यापेक्षा जास्त दराने, आकर्षक पाकिटात घालून विकलेल्या नोटांबद्दल तर बोलायलाच नको. ज्या दिवशी घेणाऱ्याला पैशाची खरी निकड लागते, त्या दिवशी ती नोट त्याला दर्शनी मूल्याएवढाच आधार देते.

थायलंडने 1987 मध्ये राजांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त 60 बाथची चौरस नोट काढली. तिची प्रत्येक बाजू 159 मिलिमीटर आहे. ती पाकिटात मावत नाही, माझ्या संग्रहाच्या वहीतील कोणत्याही कप्प्यात बसत नाही, आणि दुमडली तर तिची किंमत उतरते, म्हणून ती वेगळ्या पुठ्ठ्यात पडून आहे. छपाई म्हणून ती सुरेख आहे. नोट म्हणून तिचे काय करायचे, हे मला अजून कळलेले नाही.

वाढदिवसांचा विषय निघाला की ब्रह्मदेश आठवतो. तिथे 1985 मध्ये 75 क्यातची नोट आली आणि ती तिथले तेव्हाचे सत्ताधारी ने विन यांच्या पंचाहत्तरीसाठी असल्याचे सर्वत्र मानले जाते. 1987 च्या सप्टेंबरमध्ये 25, 35 आणि 75 क्यातच्या नोटा कोणतीही भरपाई न देता रद्द करण्यात आल्या, आणि नऊ या आकड्याच्या हौसेपोटी 45 व 90 क्यातच्या नोटा आल्या. लोकांची बचत रातोरात बुडाली, आणि 1988 च्या उठावामागच्या संतापात या निर्णयाचा मोठा वाटा होता. प्रत्येक स्मारक नोट या वाटेने जाते असे मी म्हणत नाही. पण चलन हे सत्ताधाऱ्याच्या हौसेचे साधन होऊ शकते, हे एकदा मान्य झाले की ती हौस कुठे थांबवायची हे ठरवणारा कोणीच उरत नाही. नेपाळमध्ये राजसत्ता जात असताना राजाचे जलचिन्ह असलेला कागद शिल्लक होता, तेव्हा त्या जागी वरून लालीगुरांसचे फूल छापून काम भागवावे लागले. जलचिन्ह पुसता येत नाही. फूल असलेली ती नोट उजेडात धरून कोणीही पाहावी.

चुकांचे प्रमाणही घाईच्या कामात वाढते, आणि ठरलेल्या तारखेला निघणारी नोट हे घाईचेच काम असते. मेक्सिकोने क्रांतीच्या शताब्दीनिमित्त 2009 मध्ये 100 पेसोची नोट काढली. तिच्यावरील सूक्ष्म अक्षरांत क्रांतीची प्रसिद्ध घोषणाच चुकली: ‘सुफ्राहिओ एफेक्तिवो’ म्हणजे प्रभावी मतदान, याऐवजी ‘एलेक्तिवो’ छापले गेले. ज्या क्रांतीला मानवंदना द्यायची तिचेच ब्रीदवाक्य चुकवून लाखो नोटा बाहेर पडल्या.

माझ्या मताला खरा शह देते ते ऑस्ट्रेलियाचे उदाहरण. 1966 मध्ये तिथे दशमान चलन आले आणि थोड्याच काळात 10 डॉलरच्या बनावट नोटा सापडल्या. त्यातून सुरू झालेल्या दीर्घ संशोधनाचे फळ म्हणजे जानेवारी 1988 मधली 10 डॉलरची पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकची नोट, जी द्विशताब्दीची स्मारक नोट म्हणून काढली गेली. पारदर्शक खिडकीत कोन बदलला की झळकणारा कॅप्टन कुक, हे तेव्हा कोणी पाहिलेलेच नव्हते. सुरुवातीच्या छपाईत शाई सुटण्याच्या तक्रारी आल्या, त्या दुरुस्त झाल्या, आणि 1996 पर्यंत त्या देशाच्या सगळ्या नोटा पॉलिमरच्या झाल्या. सिंगापूरने 1990 मध्ये, रोमानियाने 1999 च्या सूर्यग्रहणाच्या निमित्ताने आणि ब्राझीलने 2000 मध्ये पॉलिमरचा पहिला प्रयोग स्मारक नोटेवरच केला. हा शहाणपणा मला मान्य आहे. नवे तंत्र फसले तर नेहमीचे चलन शाबूत राहते. फक्त इथे स्मरण हे निमित्त आहे आणि चाचणी हे काम, एवढे स्पष्ट असावे.

केवळ स्मरणच करायचे असेल तर नाणी आहेत, टपाल तिकिटे आहेत. युरो वापरणारे देश 2004 पासून 2 युरोची स्मारक नाणी काढतात. आकार, वजन आणि मूल्य तेच, बदलते ती फक्त राष्ट्रीय बाजू. त्यामुळे यंत्र अडत नाही आणि माणूसही बिचकत नाही. नोटांच्या बाबतीत मात्र युरोपीय मध्यवर्ती बँकेने हा मोह टाळला आहे. तिथे पर्यटकांसाठी 2015 पासून शून्य युरोची नोट विकली जाते, आणि गंमत म्हणजे ती मला सर्वांत प्रामाणिक स्मारक नोट वाटते, कारण आपली किंमत काय आहे हे ती स्वतःच सांगते.

तरीही काढायचीच असेल तर कॅनडाने 1967 मध्ये काढली तशी काढावी: नेहमीचाच एक डॉलर, नेहमीचाच आकार, तोच हिरवा रंग, शताब्दीचे छोटे बोधचिन्ह आणि मागे संसदेची जुनी इमारत. काही नोटांवर अनुक्रमांकाच्या जागी 1867 आणि 1967 ही दोन वर्षे छापली होती, पण उरलेल्यांवर साधा अनुक्रमांकच होता. माझ्याकडची नोट अनुक्रमांकाची आहे. तिच्यावर मधोमध घडी आहे, एक कोपरा मळलेला आहे आणि मागे कोणीतरी पेनाने बेरीज केलेली आहे.