बापाला कार्ड दाखवता येत नाही

रविवारी १४ वर्षांखालच्या पोरांची मॅच होती, शिट्टी माझ्याकडे. एका गोलकीपरचे वडील बरोब्बर गोलच्या मागे उभे. "पुढं ये की! झोपलास काय रं? ओ पंच, डोळं हायत का बटणं?" पोरगं बॉलपेक्षा मागेच जास्त बघत होतं.

कोचचं एक बरं असतं. २०१९ पासून फुटबॉलच्या नियमांत कोचलाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. बाकावरून शिवी कुणी हासडली ते कळलं नाही, तर कार्ड तिथल्या मुख्य कोचच्या नावावर. हा नियम मला फार आवडतो. एकदा दाखवलं की बाकीच्यांना कोच स्वतःच गप्प करतो. प्रेक्षकांसाठी मात्र खिशात काहीच नसतं. मॅच थांबवायची, नाहीतर बंद करायची, एवढंच हातात.

मग तेच वापरावं, आणि लवकर वापरावं. आमच्यातले बरेच जण "पालकच ते, ओरडणारच" म्हणून कानाडोळा करतात आणि शेवटी एका पेनल्टीवरून लोक मैदानात घुसतात. कोल्हापुरात पेठांच्या मॅचला शाहू स्टेडियमवर पोलीस तरी असतात. पोरांच्या मॅचला आपण पाठवतो कुणाला, तर कालपरवा शिट्टी हातात घेतलेल्या अठरा वर्षांच्या पोराला! आणि बापाशी थेट वाद घालू नये. चारचौघांत तो माघार घेत नाही. मी बॉल काखेत मारतो आणि कोचला बोलावतो.

रविवारीही तेच केलं. "ते रेलिंगच्या बाहेर गेल्याशिवाय मॅच सुरू होणार नाही." कोच कुरकुरला, फी भरणाऱ्या माणसाला कसं सांगू म्हणाला. अडचण खरी आहे त्याची, अकादमी त्याच पैशावर चालते. पण मग ॲडमिशनच्या दिवशीच का सांगत नाहीत?

तेवढ्यात गोलकीपर जवळ आला, हळूच म्हणाला, "सर, पप्पांना नका काढू. घरात मलाच बोलणी बसत्यात."

क्षणभर सुचेना. मग दोन्ही टीमच्या कोचना सांगितलं, सगळेच पालक रेलिंगपलीकडे न्या, एकट्याला नको. निमूट बसलेल्या दोन आज्यांनाही उठावं लागलं, त्याचं वाईट वाटलं. चार मिनिटं गेली. ती शेवटी वाढवून दिली.