काडेपेटीएवढा बोर्ड

रात्री पलंगावरून पाय खाली टाकला की खाली मंद दिवा लागावा, एवढीच माझी अपेक्षा. ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या भोकांत खोचून जोडायच्या पाटीवर, सर्किट झकास चाललंही. पण ब्रेडबोर्ड पलंगाखाली ठेवला की केर काढताना निम्म्या तारा केराबरोबर निघतात. म्हणून स्वतःचा पीसीबी, म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या रेघा असलेला सर्किट बोर्ड, करायचं ठरवलं. काडेपेटीत मावेल एवढा. “अहो, त्यापेक्षा उशाशी एक बटण लावा ना,” अशी सूचना आली. छंदात व्यवहार घुसवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

असे बोर्ड आखायचं कीकॅड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. १९९२ साली झां-पिएर शारास यांनी ते सुरू केलं आणि पुढे ‘सर्न’ या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेनेही त्याला हातभार लावला. मूलकणांच्या मागे लागलेल्या शास्त्रज्ञांनी मजबूत केलेलं अवजार आता माझ्या पलंगाखाली शिरत होतं.

स्कीमॅटिकमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या नकाशात, सगळे पार्ट गुण्यागोविंदाने नांदतात. लेआउट, म्हणजे बोर्डावरची प्रत्यक्ष मांडणी, उघडला की मानापमान सुरू. लग्नाच्या फोटोत प्रत्येकाला नवरीशेजारीच उभं राहायचं असतं, तसं इथे सगळ्यांना चिपला खेटून जागा हवी. चिपचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पॉवर पिनपासून लांब बसवला तर असून नसल्यासारखा. चिपला ठेका धरून देणाऱ्या क्रिस्टलचंही तेच. यूएसबी-सीचं सॉकेट मात्र कडेलाच बसणार, आणि त्याच्या दिमतीला ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर दिले नाहीत तर सी-टू-सी केबल लावूनही चार्जर ढुंकून बघत नाही.

जागा वाचवायला पार्ट लहान घ्यावेत, तर ०४०२ आकाराचा रेझिस्टर म्हणजे एक बाय अर्धा मिलिमीटर. स्क्रीनवर झूम केल्यावर ऐसपैस दिसतो. चिमट्यात धरून जोरात श्वास सोडलात की सतरंजीत गेला. त्यातही हे इंचांच्या हिशोबातलं ०४०२. मेट्रिकमधलं ०४०२ म्हणजे ०.४ बाय ०.२ मिलिमीटर! ते पाकीट उघडलं तर पार्ट कुठला आणि धूळ कुठली, हे कुणी सांगायचं? मी चष्म्याच्या नंबराला स्मरून त्याहून मोठे ०८०५ घेतले.

खरा छळ शेवटच्या तारेचा. बाकी सगळे ट्रेस, म्हणजे तांब्याच्या रेघा, आखून झाले, सेन्सरची एक तार उरली. वरून न्यावी तर यूएसबी आडवं. व्हाया मारून, म्हणजे दोन थर जोडणारं भोक पाडून, खालच्या थरात उतरावं तर तिथलं अखंड ग्राउंड, म्हणजे वीज परतायचा तांब्याचा थर, मधोमध चिरलं जातं, आणि जाणकारांच्या लेखी त्याहून मोठं पाप नाही. रेझिस्टर जरा सरकवला तर एलईडीची वाट बंद. एलईडी फिरवला तर कपॅसिटर रुसला. डीआरसी, म्हणजे आखणीतल्या चुका शोधणारी तपासणी, लावली की लाल बाणांचा सडा. जेवताना ताटातली चटणी भाजीच्या पलीकडून कशी नेता येईल, याचा मी विचार करू लागलो, तेव्हा घरात चिंतेचं वातावरण पसरलं.

शेवटी तार होती तिथेच राहिली, पिन बदलली. सेन्सरच्या अगदी समोर चिपची एक पिन रिकामीच बसली होती. स्कीमॅटिकमध्ये जोडणी बदलली, प्रोग्रॅममध्ये एक आकडा बदलला, आणि सरळ रेघ! डीआरसीत शून्य चुका. त्या आनंदात सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डावरच्या छापील अक्षरांत, स्वतःचं नाव इतकं बारीक छापायला दिलं, की ते वाचायला भिंग लागेल.

बोर्डाच्या आराखड्याच्या गर्बर फाइली कारखान्याला पाठवल्या. कारखाना एक बोर्ड करत नाही. किमान पाच घ्यावे लागतात. त्यामुळे रात्री हमखास उठणाऱ्या चार माणसांच्या मी शोधात आहे. बटणवाल्यांनी अर्ज करू नये.