"दिव्यांगांना बसून पैसे मिळतात" या मेसेजला माझं उत्तर

गेले काही आठवडे एक मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, सगळीकडे फिरतोय. थोडक्यात असा, की महाराष्ट्रात प्रत्येक दिव्यांगाला महिन्याला बसून पैसे मिळतात, आरक्षणातून सरकारी नोकरी लागते, प्रवास आणि कर्ज फुकट, निम्मी सर्टिफिकेटं बोगस, त्यामुळे हे लोक काम करत नाहीत आणि पेन्शन बंद केली की आपोआप कामाला लागतील. मी तालुक्याला लोकांचे संजय गांधी निराधार योजनेचे आणि यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे, फॉर्म भरून देते, रोज हेच बघते, आणि मेसेज पाठवणाऱ्यांत माझी सख्खी माणसं आहेत म्हणून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेते.

"प्रत्येकाला मिळतात" हे पहिलं. केंद्र सरकारच्याच एनएसएसने, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने, २०१८ मध्ये देशभर पाहणी केली, त्यात दिव्यांगांपैकी सर्टिफिकेट असलेले फक्त २८.८ टक्के निघाले आणि सरकारकडून काही मदत मिळाली असं सांगणारे २१.८ टक्के. म्हणजे पाचातल्या चौघांच्या आसपास लोकांना काहीच नाही. सर्टिफिकेट का नसतं ते सिव्हिल हॉस्पिटलला, अपंगत्व तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड बसतं त्या दिवशी जाऊन बघा. सकाळच्या एसटीने आलेली माणसं दुपारपर्यंत जिन्यात बसलेली असतात, डॉक्टर सुट्टीवर असेल तर पुढच्या तारखेला या, कानाचं असेल तर बेरा टेस्टला मोठ्या शहरात जा, मानसिक आजार असेल तर मानसोपचारतज्ज्ञ येईल तेव्हा या. आणि दिव्यांग माणूस एकटा येत नाही ओ, सोबतच्याचाही रोज बुडतो. दोनदा रोज बुडाला की तिसऱ्यांदा कुणी येत नाही, मग ते माणूस सरकारच्या लेखी दिव्यांगच नाही.

आता पैसे किती ते बघू. मेसेजवाले पेन्शन म्हणतात ते म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान, ही योजना १९८० पासूनची आहे. जुलै २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले. मग जून २०२५ मध्ये प्रहारचे नेते बच्चू कडू अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला उपोषणाला बसले, मागणी ६ हजारांची होती, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५०० झाले. दिवसाचे ८३ रुपये. यात केंद्राचा वाटा फक्त बीपीएल आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी, तोही ३०० रुपये, २०१२ पासून तेवढाच. मणक्याला मार लागून कमरेखाली संवेदना गेलेल्या माणसाला कॅथेटर, युरिन बॅग, डायपर, बेडसोरचं ड्रेसिंग हे दर महिन्याला लागतंच, २,५०० त्यातच संपतात आणि जेवण अजून बाकीच असतं. याला बसून पैसे म्हणायचं?

आणि हे तरी कुणाला, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल त्यालाच. लाडक्या बहिणीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. मी लाडक्या बहिणीच्या विरोधात अजिबात नाही, बायकांच्या हातात पैसा आला हे मला आवडलंच, पण एकाच राज्यात अडीच लाखवाल्या घरातली बाई गरीब आणि ६० हजारवाल्या घरातला अंध माणूस गरीब नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आता मेसेजचा मुख्य मुद्दा, की पेन्शन मिळते म्हणून काम करत नाहीत. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण लोकांना हाच सगळ्यात पटतो.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या २.६८ कोटी दिव्यांगांपैकी साधारण ९७ लाख लोक काम करणारे नोंदले गेलेत, आणि २.६८ कोटींमध्ये लहान पोरं न् म्हातारी माणसंही धरलेली आहेत. म्हणजे काम करणारे भरपूर आहेत. अडतं कुठं ते सांगते. ५० हजार भागिले १२ म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. घरात सगळ्यांचं मिळून याच्यावर उत्पन्न गेलं की नियमाने अनुदान बंद. माझा मावसभाऊ दोन्ही पायांनी अधू आहे, मोबाईल रिपेरिंग शिकला, हात इतका चांगला की डिस्प्ले बदललेला कळत नाही. बाजारपेठेतल्या दुकानदाराने त्याला महिना ७ हजारांवर बोलावलं. मावशी खुरपणीला जाते, तिचा रोज धरला तर आधीच उत्पन्नाचा दाखला काठावर. मावशीने विचारलं, दुकान सहा महिन्यांत बंद पडलं तर? तर पुन्हा तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला, पुन्हा तहसीलला अर्ज, पुन्हा समितीची मीटिंग कधी लागेल त्याची वाट बघायची, आणि तोवर ना पगार ना अनुदान. शिवाय दुकान पहिल्या मजल्यावर, रोज जिना चढायचा तर कुणीतरी धरून न्यायला पाहिजे. तो गेला नाही. घरीच ओट्याशेजारी पाटावर बसून लोकांचे फोन दुरुस्त करतो, चार्जिंगची पिन, बॅटरी असली कामं, आणि दारावर बोर्ड लावत नाही, कारण बोर्ड दिसला की कुणीतरी तहसीलला कळवेल ही धास्ती. काम करायची त्याची इच्छा मी रोज बघते. उघडपणे चार पैसे जास्त कमवायची सोय या नियमाने ठेवलेली नाही आणि ठपका मात्र त्याच्यावर.

आरक्षणाचं बोलू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आहे, आधी १९९५ च्या कायद्यात ३ होतं. त्यात १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी, १ कर्णबधिर, १ अस्थिव्यंग वगैरे, आणि उरलेल्या एकात ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार, बहुविकलांग असे सगळे. ते पद "दिव्यांगासाठी योग्य" म्हणून ठरलेलं असावं लागतं, मग परीक्षा, मग मेरिट. २०११ ला दिव्यांगांमधले ४५ टक्के निरक्षर होते, त्यांना क्लार्कची जागा कशी लागणार? शिपाई, सफाई, वॉचमन ही कामं त्यांना जमली असती, पण ती बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे गेलीत आणि ठेकेदाराला ४ टक्क्यांचं कुणी विचारत नाही. खासगी कंपन्यांना तर सक्तीच नाही, कायद्याच्या कलम ३५ मध्ये फक्त ५ टक्के दिव्यांग घेतले तर सरकारने प्रोत्साहन द्यावं असं आहे. २००८ मध्ये अशीही योजना आली, की २५ हजारांपर्यंत पगार असलेला दिव्यांग कामगार घेतला तर मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय (कामगार विम्याचा हप्ता) सरकार तीन वर्षं भरणार. आमच्या एमआयडीसीत मी ज्या ज्या मालकाला हे सांगितलं त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

फुकट प्रवास, फुकट कर्ज. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, खरं आहे आणि चांगली आहे, पण पायरी गुडघ्याच्या वर असते, व्हीलचेअरवाल्याला ती सवलत कागदावरच राहते. कर्ज हे कर्जच असतं, फेडावं लागतं, आणि जामीनदार आणा म्हणतात. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला जामीन कोण राहतो? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे, पण समजा वर्षाची वसुली ४ लाख धरली तर ते होतात २० हजार, गावात २० जण असले तर वर्षाला माणशी हजार रुपये, तेही ग्रामसभेत कुणी विषय काढला तर.

बोगसचं. आहेत, बोगस आहेत, मी नाकारत नाही आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. पण ते कुठं आहेत बघा. नोकरीचा कोटा, बढती, झेडपी शिक्षकांच्या बदल्यांमध्ये संवर्ग १ चा, म्हणजे बदलीत प्राधान्याचा, फायदा, म्हणजे जिथं पगार आणि पोस्टिंग आहे तिथं. २,५०० रुपयांसाठी सहसा कुणी डॉक्टर मॅनेज करत नाही. खोटेपणाने फायदा घेतला तर त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, ते लावा की, कोण अडवतंय. उलट होतं असं की एक मोठं प्रकरण पेपरात आलं की रांगेतल्या गरिबालाच परत तपासणीला पाठवतात.

आणि "दिसायला तर धडधाकट आहे" हे कृपा करून बंद करा. कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजारही येतात. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेलची पोरं आहेत, दुखणं उठलं की हाडं धरून रडतात आणि दोन दिवसांनी तुमच्यासमोर नीट उभी दिसतात. या रक्ताच्या आजारवाल्यांना नोकरीतल्या ४ टक्क्यांमध्ये जागाच दिलेली नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावं.

राहिलं शेवटचं, पेन्शन बंद करा. त्यापेक्षा उत्पन्नाची अट लाडक्या बहिणीइतकी अडीच लाखांवर न्या, आणि काम लागल्यावर निदान दोन वर्षं अनुदान चालू ठेवा, काम सुटलं तर नव्याने अर्ज न करता परत सुरू करा. एवढं झालं तर मावसभाऊ दुसऱ्याच दिवशी दारावर बोर्ड लावेल, आणि आमच्या तालुक्यात असे किती बोर्ड लागतील ते मग मोजू.