स्वाहिलीचे काळ ‘ना, ली, ता’ एवढ्यावर संपत नाहीत

पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली भाषा शिकू पाहणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरतोय: ‘काळ तीनच, ना, ली, ता. क्रियापदात घाला, झालं. नकाराला सुरुवातीला “हा” लावा. अपवाद नाहीत.’ यावर विसंबून कुणी टांझानियातल्या दार एस सलामला उतरलं, तर पहिल्या नकारालाच अडेल.

सुरुवात बरोबर आहे. सोमा म्हणजे वाचणं. निनासोमा, मी वाचतोय. निलिसोमा, मी वाचलं. नितासोमा, मी वाचेन. आधी कर्ता, मग काळ, मग धातू.

पण तीनच काळ? मग ‘मे’ कुठे गेला? ‘म्तोतो आमेलाला’ म्हणजे मूल झोपलंय. क्रिया उरकली, स्थिती चालू आहे. आपण ‘झोपलंय’, ‘बसलंय’ म्हणतो तेच हे, मराठी माणसाला फुकट मिळालेलं, आणि तेच या मजकुरानं गाळलं! ‘का’ही गाळला. ‘निलिक्वेंडा सोकोनी, निकानुनुआ न्दिझी, निकारुदी’: बाजारात गेलो, केळी घेतली, परत आलो. ‘ली’ एकदाच येतो, पुढे ‘का’ गोष्ट ओढत नेतो. ‘बाजारात जाऊन, केळी घेऊन परत आलो’ यात आपला काळ शेवटच्या क्रियापदावर बसतो, त्यांचा पहिल्यावर. मला ही या भाषेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

नकाराचा दावा तर साफ चूक. ‘मी’साठी ‘हा’ नाहीच, ‘सि’ लागतो. वाचत नाही: सिसोमी. ‘ना’ गळाला, शेवटच्या ‘आ’चा ‘ई’ झाला. वाचलं नाही: सिकुसोमा, ‘ली’च्या जागी ‘कु’. अजून वाचलेलं नाही: सिजासोमा, ‘मे’च्या जागी ‘जा’. जसाच्या तसा राहतो तो फक्त ‘ता’: सितासोमा. आणि कान तीक्ष्ण ठेवा: हुसोमी म्हणजे तू वाचत नाहीस, हुसोमा म्हणजे नेहमी वाचतो, मग वाचणारा कुणीही असो.

अपवाद? ला म्हणजे खाणं, पण ‘मी खातोय’ हे निनाला नव्हे, निनाकुला. उच्चाराचा आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो आणि ‘ना’ला तो पेलत नाही, म्हणून ‘कु’ टेकू देतो. खात नाही म्हणताना ‘ना’च नसतो, तेव्हा तो टेकूही जातो: सिली. अरबीतून आलेला साफिरी, म्हणजे प्रवास करणं, नकारातही शेवटचा स्वर बदलत नाही: सिसाफिरी.