‘मुलगाच होत नाही’ असं ते पोलंडचं गाव

दर काही महिन्यांनी ही पोस्ट कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडते. पोलंडमध्ये म्हणे एक गाव आहे, तिथं दहा वर्षांत एकही मुलगा जन्मला नाही, होतात त्या सगळ्या मुलीच. शास्त्रज्ञ चक्रावलेत. मुलगा होईल त्या जोडप्याला सरकार बक्षीस देणार आहे. आणि पुरुषच उरले नाहीत म्हणून गाव ओस पडत चाललंय.

गाव खरं आहे. म्येस्त्से ओद्झान्स्क्ये त्याचं नाव. पोलंडच्या नैऋत्येला ओपोले प्रांतात, ओडर नदीच्या खोऱ्यात, चेक सीमेपासून फार लांब नाही. 2019 च्या उन्हाळ्यात जगभरच्या पेपरांत त्याची बातमी झळकली होती, आणि त्या बातमीत खोटं फारसं नव्हतं. फॉरवर्ड होता होता त्याला काय काय चिकटलं आणि त्यातलं काय गळून पडलं, ते एकेक बघू.

‘मुलगा जन्मतच नाही.’ हे 2019 साली अर्धवट खरं होतं आणि आज सरळ चूक आहे. 2009 नंतर जवळपास दहा वर्षांत गावात 12 बाळं जन्मली, बाराही मुली. मे 2020 मध्ये मुलगा झाला. त्याचीही बातमी आली होती, पण ती कुणी फॉरवर्ड केली नाही. त्यात गंमत काय?

‘गावात पुरुष नाहीत.’ अहो, त्या बारा मुलींना बाप आहेत की! 2009 आणि त्याआधी जन्मलेले मुलगे आहेत, आजोबा आहेत. ही भर बहुधा ब्राझीलच्या एका गावाच्या अशाच व्हायरल गोष्टीतून इकडे येऊन चिकटली असावी. पोलंडच्या बातमीचं निमित्त वेगळंच होतं. तिथं गावोगावी स्वयंसेवी अग्निशमन दलं असतात, देशभरात सोळा हजारांवर. त्यांची शाळकरी पोरापोरींची पथकं असतात आणि त्यांच्या स्पर्धा होतात: अडथळे ओलांडत धावायचं, बोगद्यातून सरपटत बाहेर यायचं, हातपंपानं पाण्याचा फवारा नेमका लक्ष्यावर मारायचा, दोराच्या गाठी झटपट बांधायच्या. अशा एका स्पर्धेत या गावचं पथक उतरलं, तर त्यात सगळ्या मुलीच. मुलगे कुठायत, असं कुणीतरी विचारलं, आणि तिथून गाडी सुटली.

‘शास्त्रज्ञ चक्रावलेत.’ इथं जरा थांबू, कारण पोस्टचा सगळा जोर याच वाक्यावर आहे. निसर्गावर सोडलं तर जगात कुठंही शंभर मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात. म्हणजे एका बाळंतपणात मुलगी होण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी. ती बारा वेळा गुणत गेलात तर उत्तर येतं साधारण साडेपाच हजारांत एक. एकाच गावाकडं बघत बसलं तर हे अशक्यच वाटतं. पण पोलंडमध्ये चाळीस हजारांहून जास्त खेडी आहेत, आणि दशकभरात जेमतेम डझनभर बाळं जन्मावीत इतकी छोटी त्यांत कितीतरी. चाळीस हजार गावांनी नाणी उडवली तर कुठंतरी बारा वेळा एकच बाजू पडणारच. न पडली तर नवल! आपण आधी गाव निवडून मग बाळं मोजली नाहीत. बाळांची रांग दिसली म्हणून गाव निवडलं. बाण आधी मारायचा आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं, अशातला हा प्रकार.

विचित्र गुणोत्तर म्हणजे नेहमीच योगायोग, असं मात्र नव्हे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, बीड जिल्ह्यात 807. तिथं मोजणी लाखांत आहे, डझनात नाही, आणि लाखांत एवढा फरक आपोआप पडत नाही. त्यामागं सोनोग्राफीचं यंत्र आणि डॉक्टर होते. तरीही या पोलिश गावाची पोस्ट आपल्याकडे ‘निसर्गाचं गूढ’ म्हणून फिरते, आणि बीडचा आकडा कुणाला गूढ वाटत नाही.

‘तिथल्या पाण्यातच काहीतरी आहे.’ ओडरच्या खोऱ्यात लाखो लोक राहतात. त्या सगळ्यांना सोडून पाणी बरं एका गावालाच बाधलं.

‘सरकारनं बक्षीस लावलं.’ सरकारनं नाही. हे गाव चिसेक नावाच्या गावसमूहात येतं. त्या समूहाचे निवडून आलेले प्रमुख राइमुंड फ्रिश्को यांनी मुलगा होईल त्या जोडप्याला भेट देऊ, असं जाहीर केलं. बातम्यांचे कॅमेरे दारात उभे असताना कुठलाही सरपंच काहीतरी घोषणा करतोच. लोकांनी त्यांना उपायही कळवले: कुणी आईनं काय खावं ते सांगितलं, कुणी पलंगाखाली कुऱ्हाड ठेवायला सांगितलं. कुऱ्हाडीचा तोडगा डोंगराळ भागातला पारंपरिक आहे म्हणे. पोलंड सरकार खरोखर जे देतं ते वेगळं. एप्रिल 2016 पासून मुलांमागे दरमहा 500 झ्लॉटी (पोलंडचं चलन) सुरू झाले, 2024 पासून ते 800 झाले, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही.

आता शेवटचा दावा, मुली जन्मल्या म्हणून गाव ओस पडतंय. यात कारण आणि परिणाम यांची सरळ अदलाबदल आहे. बातम्यांतलाच आकडा घ्या: दुसऱ्या महायुद्धानंतर गावात सुमारे 1,200 माणसं होती, 2019 मध्ये 272. ही गळती त्या बारा मुलींपैकी एकही जन्मायच्या कितीतरी आधीची. जवळपास दहा वर्षांत बाराच जन्म, मग ते मुलगे असोत की मुली, ही खरी बातमी होती. पोस्टनं नेमकी तीच गाळली.

माणसं गेली कुठं? जर्मनीत. हा सगळा सायलीशियाचा मुलूख. अठराव्या शतकात तो प्रशिया या जर्मन राज्यानं जिंकला, पुढं जर्मन साम्राज्यात गेला. पहिल्या महायुद्धानंतर, मार्च 1921 मध्ये, वरच्या सायलीशियात (हे गाव त्याच भागातलं) सार्वमत झालं आणि प्रदेशाची फाळणी झाली. गावाजवळच्या कोझ्ले शहराचा हा परिसर जर्मनीकडेच राहिला. 1945 ला तो पोलंडकडे आला. नव्या पोलिश राज्यानं जर्मन म्हणून लाखोंना हाकललं, पण इथल्या बऱ्याच जणांना ‘मूळचे स्थानिक’ ठरवून राहू दिलं. घरात सायलीशियन बोली, आजोबांचे कागद जर्मन, शाळा पोलिश, अशी ही माणसं.

त्यांना पश्चिमेचं दार अधूनमधून उघडत गेलं. 1975 मध्ये पोलंड आणि पश्चिम जर्मनीचा करार झाला. जर्मनीनं कर्ज आणि पेन्शनपोटी 2.3 अब्ज मार्क दिले, बदल्यात पोलंडनं चार वर्षांत 1,20,000 ते 1,25,000 लोकांना जाऊ द्यायचं कबूल केलं. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर तर आजोबांच्या कागदांवर जर्मन पासपोर्ट मिळू लागला. बाकीच्या पोलिश लोकांसाठी जर्मनीचा रोजगार बाजार मे 2011 मध्ये पूर्ण खुला झाला. ओपोलेच्या पोरांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून खुला होता. आधी हंगामी कामाला जायचं, मग बायकोला न्यायचं, मग मुलं तिकडच्याच शाळेत. गावी राहतात म्हातारी माणसं आणि कुलूप लावलेलं घर. ओपोले हा आज पोलंडचा सगळ्यांत कमी लोकसंख्येचा प्रांत आहे, दहा लाखांच्या आत. तिथं मुलगे जन्मले असते तर तेही पासपोर्ट काढून गेलेच असते.