दम लागतोय? खिडकी लावून घ्या

बाजूची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून मुंबईत श्वास कसा घ्यावा यावर माझा चांगलाच अभ्यास झालाय. फुकटात सांगतो, घ्या.

सगळ्यात आधी खिडकी लावून घ्या. हा सल्ला माझा नाही, साइटवरच्या सुपरवायझरचा. आमची आत्या, सत्तरीची, जुना दमा, सकाळ-संध्याकाळ पंप, रात्री नेब्युलायझर, ती गुडघे धरत खाली उतरून त्याला सांगायला गेली की बाबा रे, पाडताना जरा पाणी मार, तर म्हणतो, "काकू, खिडकी लावून घ्या ना." कित्ती सोप्पं! 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईत नियम निघालेत, उंच पत्रे लावा, हिरवं कापड गुंडाळा, पाणी मारत राहा, डेब्रिजचा ट्रक झाकून न्या, चाकं धुऊनच बाहेर काढा. आहे ना सगळं! ताडपत्री आहे, घडी घालून ट्रकच्या टपावर. कापड आहे, लक्तरं झालेलं. पाण्याची नळीही आहे, तिने साहेबांची गाडी धुतात. ऑनलाइन तक्रार टाकली तर दुसऱ्या दिवशी 'निराकरण झाले' आणि आमच्या डायनिंग टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ.

घाबरू तर अजिबात नका. पीएम 2.5, म्हणजे फुफ्फुसात खोल शिरणारे हवेतले बारीक कण, त्यांची वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आपल्या देशाची मर्यादा 40. आपली फुफ्फुसं आठपट दणकट.

खिडकी बंद केलीच आहे तर मच्छरांची कॉइल पण लावा. एका कॉइलमधून साधारण शंभर सिगारेटींएवढे बारीक कण निघतात, हे संशोधकांनी मोजलंय.

गरीब असाल तर गोवंडीत राहा. पुनर्वसनाच्या बिल्डिंगी एकमेकींना खेटून, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, टीबी घराघरात, जवळच देवनारचं डम्पिंग, आणि डॉक्टर सांगणार, हवा खेळती ठेवा.

आणि कुणी गेलंच तर मयतीला हळूच विचारा, "बिडी ओढायचे का हो?"

बास झालं आता. सर्टिफिकेटवर हार्ट फेल लिहितात, न्यूमोनिया लिहितात, धूळ कधीच लिहीत नाहीत, म्हणून कुणाच्या बापाचं काही जात नाही. अरे, सॅम्पल फ्लॅटला इटालियन मार्बल लावायला पैसे आहेत आणि टँकर मागवायला नाहीत? तुमच्याच मजुरांची पोरं त्या धुळीत पत्र्याच्या खोलीत झोपतात, त्यांना लावायला खिडकी तरी आहे का? लाज वाटू द्या जरा. आणि तक्रार बंद करणाऱ्या साहेबांनो, बटण दाबायच्या आधी एकदा येऊन उभे राहा इथे, पाडकाम चालू असताना, मास्क न लावता.