बेडकाचा हात

मागच्या अंगणात शोभेचं एखादं झाड असावं, एवढीच माझी माफक इच्छा होती. इथे न्यू जर्सीत, घराजवळच्या नर्सरीत ‘ब्लडगुड’ जातीचा जपानी मेपल दिसला. गुडघ्याएवढं रोप, मोजून चौसष्ट पानं. किंमत लिहीत नाही. हे बायको वाचणार आहे.

एप्रिलअखेर ते लावलं आणि त्याच आठवड्यात सांगलीहून आई सहा महिन्यांच्या मुक्कामाला आली. बॅगा उघडायच्या आधी तिने अंगण पाहिलं.

“हे लाल का रे? करपलंय?”

“अगं, जातच लाल आहे. जपानी लोक मेपलला काएदे म्हणतात. मूळ शब्द काएरुदे, म्हणजे बेडकाचा हात. पान बघ ना, तसंच आहे.”

“बेडकाचा हात बघायला एवढे डॉलर घातलेस?” (आईला किंमत विमानतळावरून येतानाच सांगून बसलो होतो.)

रोपाचे नखरे हळूहळू कळत गेले. ऊन हवं, पण सकाळचं. ओल हवी, पण मुळाशी पाणी साचायला नको. लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन हवं, पण ते खोडाला चिकटता कामा नये. धोंड्याच्या महिन्यातला जावई परवडला, तो जेवून घरी तरी जातो.

मे महिन्यात एका रात्री दव गोठणार असा इशारा आला. कोवळी पानं अशा गारठ्यात काळी पडतात, म्हणून चार काठ्या रोवून वरून काहीतरी पांघरायचं ठरलं. आईने स्वतःची सोलापुरी चादर काढून दिली आणि सकाळी चहा ओतता ओतता विचारलं, “झोप लागली का त्याला?”

जुलैत खरा शत्रू आला. हिरवं डोकं, तांब्याच्या रंगाचे पंख. जपानी भुंगेरे! पानाच्या शिरा तेवढ्या ठेवतात, बाकी फस्त. उरते ती नुसती जाळी. अमेरिकेत हे पहिल्यांदा सापडले १९१६ साली, रिव्हरटनच्या एका रोपवाटिकेत. आणि रिव्हरटन न्यू जर्सीतच! झाड जपानी, भुंगेरा जपानी, आणि दोघांची गाठ पडायला माझंच अंगण.

मी फोनवर उपाय शोधत होतो. आई पदर खोचून वाकली. “ही तर आपल्या हुमणीची भावकी!” उसात आयुष्य गेलेल्या बाईला त्यासाठी फोन लागत नाही. “अळ्या तुझ्या त्या लॉनखाली मुळं खात असणार. आपल्याकडे वळीव पडला की रात्री बाभळीवर, कडुनिंबावर चढतात. फांदी हलवायची, खाली पडले की रॉकेलच्या पाण्यात.”

मी हळूच फोनमध्ये डोकावलो. तिथेही हेच होतं. फक्त पहाटे, आणि रॉकेलऐवजी साबणाचं पाणी.

मग रोज सकाळी सहाला आम्ही मायलेक कामावर. मी पान हलवायचो, ती खाली बादली धरायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. शेजारचे आजोबा कुत्रा फिरवताना थांबत. आई त्यांना “सत्तेचाळीस!” असं ठणकावून सांगे, ते अंगठा उंचावून पुढे जात.

ऑगस्टात पानांच्या कडा करपल्या. दुपारचं ऊन आणि कोरडा वारा, असं मी समजावलं. आईचं निदान: दृष्ट. तिने मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या आणि घरातले तिन्ही स्मोक अलार्म एकदम कोकलले. बायको तेव्हा मीटिंगमध्ये होती. याबद्दल एवढंच लिहितो.

ऑक्टोबरच्या मध्यावर आई परत गेली आणि दोन आठवड्यांत मेपलने रंग धरला. उरली होती एकतीस पानं, पण सकाळच्या उन्हात निखाऱ्यासारखी! रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईला ऐटीत दाखवायचं ठरवलं. शनिवारी रात्री वारा सुटला.

रविवारी मी फोन धरून अंगणात उभा, समोर नुसती काडी. आई बराच वेळ पाहत राहिली.

“मेलं ना शेवटी?”

“अगं, झोपलंय. एप्रिलमध्ये फुटेल पालवी.”

“मग माझी चादर घाल त्याच्यावर. खालच्या कप्प्यात ठेवलीय.”